पुस्तक मिटल्यावर

घटक चाचणीचे पेपर घरी आले त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक म्हणजे माझ्या दहावीतल्या लेकीची विज्ञानाची गृहपाठाची वही. समास आखलेला, शीर्षकं निळ्या पेनाने, उत्तरं काळ्या, व्याख्यांखाली हिरव्या रेघा, अपवर्तनाची आकृती पट्टी लावून काढलेली. एकही प्रश्न सुटलेला नाही. दुसरी म्हणजे त्याच धड्यांवरची उत्तरपत्रिका. वीसपैकी नऊ.

माझे सासरे, अप्पा, चौतीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मी दुसऱ्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वही आणि पेपर दोन्ही वाचायची आम्हा दोघांनाही सवय आहे, पण त्या दिवशी दोघांनी त्यातून काढलेला अर्थ एकमेकांच्या अगदी उलट निघाला. जेवणं झाल्यावर सुरू झालेलं बोलणं साडेअकरापर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी मी ते आठवून लिहून काढलं आणि अप्पांना वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केलं. ते असं.

अप्पा : आधी मला सांग, रोज ही किती वेळ बसते?

मी : पाऊण तास, एखाद दिवशी तास. फक्त विज्ञानाचा.

अप्पा : मग वेळ कमी पडतोय. मी नववीला रोज दहा गणितं द्यायचो. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वह्या गोळा. ज्याची वही नाही त्याने मधल्या सुट्टीत बसून पूर्ण करायची. हाताला वळण लागलं की डोक्याला लागतं.

मी : वेळ कमी नाही पडत, अप्पा. त्या वेळात काय होतं ते बघायला हवं. परवा मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले. डावीकडे गाईड, उजवीकडे वही. ‘अप्रकट उष्मा म्हणजे काय?’ याचं उत्तर लिहिता लिहिता ती मला मैत्रिणीच्या वाढदिवसाला कोण कोण येणार ते सांगत होती. आणि उत्तरात एक शब्द चुकला नाही. डोळ्यांतून आत आलं, बोटांतून बाहेर गेलं. डोक्यात जायची त्याला गरजच पडली नाही.

अप्पा : तो गाईडचा दोष. गाईड बंद कर.

मी : गाईड काढून घेतलं तर पाठ्यपुस्तकातून उतरवेल. पुस्तकही काढून घेतलं तर मैत्रिणीच्या वहीचा फोटो मोबाइलवर येतो. एकाच ओळीत एकच चूक वीस वह्यांत मी स्वतः बघितली आहे. माझ्या एका वर्गात बासष्ट मुलं आहेत. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी दोन तास चार मिनिटं होतात. एवढा वेळ घालवून मी तपासते काय, तर अक्षर. म्हणून गेल्या जूनपासून प्रश्नोत्तरं लिहून आणा असं सांगणं मी बंद केलं.

अप्पा : बंद केलंस? पालकांनी काही विचारलं नाही?

मी : विचारलं ना. एका वडिलांनी विचारलं, बाई, वही कोरी कशी? शिकवत नाही का तुम्ही?

अप्पा : आणि त्या माणसाचं काय चुकलं? तो दिवसभर रानात किंवा दुकानात राबतो. धड्यात काय आहे ते त्याला ठाऊक नाही. पोराने अभ्यास केला की नाही हे त्याने ओळखायचं कशावरून? भरलेली वही हाच त्याच्या हातातला पुरावा. तो तू काढून घेतलास. बदल्यात काय दिलंस?

हा प्रश्न मला लागला. वही म्हणजे घर आणि शाळा यांच्यातला एकुलता एक दुवा असतो, हे मी जूनमध्ये लक्षातच घेतलं नव्हतं. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण अप्पाही मला रात्री उशिरा तिथेच घेऊन आले.

मी : वाचणं आणि आठवणं यातला फरक आधी सांगू द्या. ओळख पटणं वेगळं, आठवणं वेगळं. बाजारात एखादा चेहरा दिसतो, ओळखीचा वाटतो, नाव मात्र ओठावर येत नाही. धड्याचंही तसंच होतं. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची लागते आणि मुलांना वाटतं, येतंय मला. परीक्षेत धडा समोर नसतो. तिथे नावच सांगावं लागतं.

अप्पा : हे तुझं निरीक्षण झालं. कशावरून?

मी : अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने तो उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला, तीन-साडेतीन वेळा, आणि पुढच्या तीन बैठकांत उतारा न बघता आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. आठवड्याने परत बोलावलं. चौदा वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं. तीन वेळा वाचून आठवत बसलेल्यांना ६१ टक्के.

अप्पा : आणि लगेच विचारलं असतं तर?

मी : पाच मिनिटांनीही विचारलं होतं. तेव्हा वाचणारेच पुढे होते. खरी गोम तिथे आहे. रात्री वाचून सकाळी पेपर लिहिला तर वाचणं कामाला आलेलं दिसतं, म्हणून ती सवय मोडत नाही. आणखी एक. आपल्याला किती आठवेल असं त्यांना आधीच विचारलं होतं, तर वाचणाऱ्यांचा भरवसा जास्त निघाला. आपली पोरगी पेपर देऊन आली तेव्हा काय म्हणाली? ‘सोपा होता.’

अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग उठले, पाणी प्यायले, आणि परत येऊन त्यांनी जे सांगितलं ते मला त्या प्रयोगापेक्षा मोलाचं वाटलं.

अप्पा : आमच्या घरी दिवेलागणीला परवचा असायचा. हातपाय धुवायचे, देवाजवळ दिवा लागायचा, शुभंकरोती झाली की पाढे. माझे आजोबा झोपाळ्यावर बसायचे आणि आम्ही चौघं भावंडं खाली ओळीत. पुस्तक कुणाच्याच हातात नाही. तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी. तेव्हा आणे-पैचा हिशेब होता, दशमान नाणी आली १९५७ साली, मी नऊ वर्षांचा होतो. त्यामुळे पावकी-निमकी न येणाऱ्याला दुकानात पाठवत नसत. आजोबा रोज नवीन काहीच द्यायचे नाहीत. आठवड्यातून एखादा पाढा नवा. बाकी कालचं, परवाचं, मागच्या महिन्यातलं. मध्येच एकाला थांबवायचे आणि दुसऱ्याला म्हणायचे, पुढे तू. म्हणून चौघांचंही लक्ष. आणि तू म्हणतेस घोकंपट्टी वाईट.

मी : अप्पा, मी परवच्याला वाईट म्हणतच नाही. तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्यात माझं सगळं आहे. पुस्तक मिटलेलं. आठवून म्हणायचं. जुनं रोज मिसळलेलं. अडखळलात की लगेच कळतं आणि लगेच दुरुस्त होतं. घोकणं म्हणजे पुस्तक उघडं ठेवून तीच ओळ पन्नास वेळा म्हणणं. परवचा म्हणजे म्हणून दाखवणं. आपण दोन्हीला एकच नाव देऊन बसलो आणि एकाबरोबर दुसरंही टाकून दिलं.

अप्पा : टाकलं तुमच्या पिढीने.

मी : हो. आमच्या पिढीने.

अप्पा : पण घोकल्याशिवाय म्हणून काय दाखवणार? पाढा आधी तोंडात बसायला लागतो. तुझ्या कोऱ्या कागदाला माझा आक्षेप हाच आहे. ज्याला वर्गात काही कळलेलंच नाही त्याला कोरा कागद दिलास तर तो काय लिहील? माझ्या वर्गात अशी दहा-पंधरा मुलं कायम असायची. त्यांना मी सोडवलेलं उदाहरण फळ्यावर ठेवून, एकेक पायरी बोटाने दाखवून, आधी तसंच्या तसं करायला लावायचो. कोऱ्या मुलाला कोऱ्या कागदावर बसवू नकोस.

इथे मला माघार घ्यावी लागली, आणि ती घेताना बरंही वाटलं. नवं काही शिकताना सोडवलेलं उदाहरण समोर ठेवून पायऱ्या समजून घेणं हे नुसतं उतरवणं नसतं, मात्र प्रत्येक पायरीला ‘हे का केलं?’ असं विचारलं गेलं पाहिजे. त्यानंतर माझ्या वर्गात मी क्रम बदलला. पहिल्या दिवशी पुस्तक उघडं. दुसऱ्या दिवसापासून मिटलेलं. पहिला दिवस सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारली की कमकुवत मूल तिथेच बुडतं, आणि ते आपल्याला दिसतही नाही, कारण ते गप्प असतं.

मी : आता तुमच्या गणिताकडे येऊ. पुस्तकात धड्याच्या मध्ये मध्ये सरावसंच असतात आणि शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह. तुम्ही काय करायचात?

अप्पा : ज्या दिवशी वर्गसमीकरणाचं सूत्र शिकवलं त्या रात्री त्यावरचा पूर्ण सरावसंच. तापल्या तव्यावर पोळी. संकीर्ण शेवटी, वेळ उरला तर.

मी : आणि पूर्वपरीक्षेला?

अप्पा : पूर्वपरीक्षेला… (थांबून) खरं सांगतो. सूत्र पाठ असायचं. पण गणित बघून कुठलं सूत्र लावायचं ते सुचायचं नाही. शाब्दिक उदाहरण आलं की विचारायचे, सर, हे कुठल्या धड्यातलं?

मी : तोच प्रश्न माझ्याही मुलांचा. सरावसंचाच्या डोक्यावरच उत्तर छापलेलं असतं. वर ‘सूत्राने सोडवा’ असं असलं की कुठली पद्धत लावायची हा निम्मा विचार आधीच झालेला असतो. परीक्षेत मात्र तोच निम्मा विचार मुलाने करायचा असतो, आणि त्याचा सराव त्याने एक दिवसही केलेला नसतो. फ्लोरिडातल्या रोरर आणि टेलर या दोन संशोधकांनी २००७ साली हेच तपासलं. घनाकृतींच्या घनफळाची चार प्रकारची गणितं. एका गटाने एका प्रकारची सगळी संपवून मग दुसऱ्या प्रकारची घेतली, दुसऱ्याने चारही सरमिसळ केली. सराव करताना एकेक प्रकार घेणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा उलटं झालं. एकेक प्रकारवाले २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले ६३ वर राहिले.

अप्पा : वीस?

मी : वीस.

अप्पा : म्हणजे माझ्या वह्यांत जी बरोबरच्या खुणांची रांग असायची, तिच्यावर मी उगाच खूश व्हायचो असं म्हणतेस.

मी : उगाच नाही. ती रांग त्या रात्रीची होती, एवढंच. सरावसंच सोडायचा नाही, अप्पा, पसरायचा. दहा गणितं असतील तर चार आज. दोन पुढच्या बुधवारी, तेव्हा बरोबर दोन चलांतल्या समीकरणाचं एक आणि अंकगणित श्रेढीचं एक. उरलेली चार दिवाळीनंतर. तुमचा दहाचा आकडा तोच राहतो.

अप्पा : पण मुलाला चुकायला आवडत नाही. माझी दहापैकी दहा बरोबर येणारी पोरं दुसऱ्या दिवशी छाती काढून यायची. सरमिसळ केलीस की तेच पोर रोज चार चुका घेऊन येणार. ते टिकेल का? मला पद्धतीपेक्षा पोराच्या उमेदीची काळजी आहे.

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. एवढंच सांगू शकले की मुलांना आधी स्पष्ट सांगितलं, ‘या कागदावर चुकणार आहात, त्यासाठीच तो आहे, आणि याचे गुण कुठेही लिहिले जाणार नाहीत,’ तर बरीचशी मुलं चूक खोडून न टाकता तिच्याजवळ थांबतात. सगळी थांबत नाहीत. हुशार म्हणून नाव झालेल्या मुलांना तर हे सगळ्यात जड जातं.

मग वेळेचा विषय निघाला. केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात गृहपाठाचीही मर्यादा सुचवलेली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, नववीपासून पुढे दिवसाला फार तर दोन तास. अप्पांना दोन तास कमी वाटतात. मला आकड्यापेक्षा बेरजेची चिंता आहे. सहा विषयांचे सहा शिक्षक, आणि प्रत्येकजण अर्ध्या तासाचंच देतो. बेरीज कुणीच करत नाही. आमच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात मी एक चौकट आखून ठेवली आहे. जो शिक्षक गृहपाठ देईल त्याने तिथे मिनिटं लिहायची. शंभराच्या पुढे आकडा गेला की नंतरच्याने उद्यावर न्यायचं. काही सहकाऱ्यांना आधी ते पटलं नाही. भूगोलाच्या बाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं की चार तासांनंतर आपला नंबर लागतो तेव्हा चौकट भरलेली असते, तर विषयांचा क्रम दर दिवशी फिरता ठेवा. तो आता फिरता आहे.

अप्पा : दोन तास म्हण, तीन म्हण. कधी, हे त्याहून महत्त्वाचं. ठरलेली वेळ नसेल तर तुझे सगळे प्रयोग वाया. आपल्या सांगली जिल्ह्यातच बघ, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव. २०२२पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. एका पोराच्या आईने टीव्ही बंद केला तर तिला भांडावं लागतं. अख्ख्या गावाने केला की कुणालाच भांडावं लागत नाही. याला मी बैठक म्हणतो.

मी : त्या गावाचं मलाही कौतुक आहे. विशेषतः यासाठी की आईबापांनीही आपले मोबाइल खाली ठेवले. पण त्या दीड तासात मूल उतरवत बसलं की आठवत, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

अप्पा : आणि तुझ्या पोरांना आठवायचं कसं ते ठाऊक असेल पण सात वाजता ती मोबाइलवर असतील, तर माझा प्रश्नही तसाच राहतो.

मी : मग दोन्ही घ्या. दीड तासाची पहिली वीस मिनिटं पुस्तकं मिटलेली. आज वर्गात काय झालं ते आठवून कागदावर. मग पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या रंगाने. तो दुसरा रंग म्हणजेच उद्याचा अभ्यास. मुलं रात्री दहा वाजता विचारतात, बाई, कुठून सुरू करू? त्यांच्या कागदावर ते लिहिलेलं असतं.

अप्पा : आणि परत कधी?

मी : विसरायला लागल्यावर. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली हे स्वतःवरच मोजलं होतं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, मग काही काळाने तीच पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते बघायचं. एका दिवसानंतर वाचणारे कष्ट जेमतेम एक तृतीयांश उरले. म्हणजे सगळ्यात मोठी गळती पहिल्या चोवीस तासांत. धड्याला अर्थ असतो, म्हणून गळती त्याच्यापेक्षा कमी, पण रीत तीच. म्हणून एकदा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग सहामाहीच्या सुट्टीत. जूनमधलं गुरुत्वाकर्षण थेट जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं तर तो नवा धडाच असतो.

अप्पा : आजोबांनी एबिंगहाउस वाचलेला नव्हता.

मी : नव्हता. त्यांनी चार पोरं ऐकली होती.

त्यावर अप्पा जे बोलले त्यानेच मी आमच्या पहिल्या प्रश्नाकडे, त्या कोऱ्या वहीकडे परत आले.

अप्पा : हां, ऐकली होती. तू आत्तापर्यंत कागदाचं बोललीस. परवच्यात कागद नव्हता, माणूस होता. आजोबा झोपाळ्यावर नसते तर आम्ही चार दिवसही पाढे म्हटले नसते. चौदा-पंधरा वर्षांचं पोर एकट्याने बसून, स्वतःच्या चुका स्वतः शोधून, वेगळ्या रंगाने लिहील? दहातलं एक लिहील. बाकीच्या नऊ जणांना समोर बसून ऐकणारं कुणीतरी लागतं. तुझ्या वर्गात असं घर किती जणांना आहे?

मी एक मुलगी सांगितली. तिची आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते, घरी यायला सात वाजतात. संध्याकाळच्या भाकरी मुलगीच करते, धाकट्या भावाला सांभाळते. दोन तासांची बैठक तिच्या घरात बसूच शकत नाही. जुन्या पद्धतीत ती कायम ‘वही अपूर्ण’च्या यादीत होती. यंदा सहामाहीआधी एकदा मी तिला विचारलं, कधी करतेस? ती म्हणाली, भाकरी करताना. पाचवीतला भाऊ चुलीजवळ पुस्तक घेऊन बसतो. ती धड्यातलं सांगते, तो ओळीवर बोट ठेवून बघतो. त्याला अर्थ कळत नाही, पण तिचा शब्द आणि पुस्तकातला शब्द जुळला नाही की तो म्हणतो, ताई, तसं नाहीये इथं. आई आली की आईही ऐकते. आई शिकलेली नाही. तिचा एकच प्रश्न असतो, ‘म्हंजे काय?’ आणि म्हणे त्या प्रश्नाला उत्तर देताना सगळ्यात जास्त अडायला होतं.

अप्पा : (बऱ्याच वेळाने) तिचा गृहपाठ तू कसा तपासतेस?

मी : सगळ्यांचा एकच. तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत. पुस्तकं दप्तरात, वहीच्या पानाचा अर्धा तुकडा, फळ्यावर तीन प्रश्न. एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक जून-जुलैमधला. बाकावर शेजारच्याशी तुकडे बदलायचे, मी उत्तरं सांगते, त्यांनी तपासायचे. मला वह्यांचा गठ्ठा घरी न्यावा लागत नाही, आणि कुणाचं काय सुटलंय ते मला त्याच दिवशी कळतं. ते तुकडे मुलं घरी नेऊन दाखवतात. त्या वडिलांना मी आता हाच पुरावा देते.

अप्पा : गुण?

मी : नाहीत.

अप्पा : इथे मी तुझ्याबरोबर नाही. गुण नसतील तर मागच्या बाकावरचा मुलगा तो तुकडा गंभीरपणे घेणार नाही. मी चौतीस वर्षं मागचे बाक बघितले आहेत.

मी : गुण दिले तर तोच मुलगा शेजारच्याचं बघून लिहील, आणि त्याला काय येत नाही ते मला कधीच कळणार नाही.

इथे आमचं पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. मी लिहिलेलं ऐकल्यावर अप्पा म्हणाले, हे असंच राहू दे, माझं म्हणणं बदलून लिहू नकोस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला ते स्वतःच टेबलाजवळ खुर्ची ओढून बसले. मोबाइल तिघांचेही बाहेरच्या खोलीत, टीपॉयवर. लेकीच्या हातात काही नव्हतं. विज्ञानाचं पुस्तक अप्पांच्या मांडीवर मिटलेलं, बोट ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या धड्यात.

अप्पांनी विचारलं, बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली तर प्रतिमा कुठे आणि कशी मिळते? सहा ठिकाणं आहेत.

तिने वस्तू अनंत अंतरावरून सुरुवात केली. दुसरं ठिकाण आलं. तिसरं, दुप्पट नाभीय अंतरावर : उलटी, वास्तव, वस्तूएवढीच. चौथं आलं. पाचव्याला गाडी अडली. वहीत हा तक्ता तिने दोन रंगांत आखून लिहिला होता. ती छताकडे बघत राहिली. अप्पांचे ओठ हलले, चौतीस वर्षांची सवय. मग त्यांनी ओठांवर हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता.

‘सांगू नका,’ ती म्हणाली. तिने टेबलावरचा पाण्याचा पेला भिंग असल्यासारखा मध्ये ठेवला, चमचा त्याच्याजवळ आणला, थोडा लांब नेला, पुन्हा जवळ आणला. ‘नाभीवर ठेवली तर किरण पुढे समांतर जातात, म्हणजे ते कुठे भेटणारच नाहीत… म्हणजे प्रतिमा अनंत अंतरावर. बरोबर?’

अप्पांनी मान हलवली आणि पुढे विचारलं, का समांतर?

ते तिला आलं नाही. तिने पुस्तक मागून घेतलं, ती आकृती शोधली आणि कागदावर हिरव्या पेनाने तेवढीच एक ओळ लिहिली. अप्पा उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या मंगळवारच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं : भिंगे, का समांतर.